देहाविषयी खरे बोलणे

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीतील एक गृहस्थ आम्हांला मागच्या चिंचेखाली गाठून म्हणाले, "मास्तर, अंगात जोर राहिना झालाय. प्रार्थना करा." त्यांचे नाव आम्ही लिहीत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी बदलूनही घेतल्या आहेत. आम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. शेतीच्या कामासाठी बळ मागितले, मुलांसाठी आरोग्य मागितले. आमेन झाल्यावरही ते गृहस्थ हलले नाहीत. "जोर म्हंजे..." एवढे म्हणून थांबले. आम्हांला उदगीरची गाडी पकडायची होती. "प्रभू सर्व जाणतो," असे म्हणून आम्ही पिशवी उचलली.

पुढच्या वर्षी सुगीच्या दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वय अठ्ठेचाळीस. बिदरला दवाखान्यात असताना त्यांच्या घरच्यांनी कोठीच्या खोलीत ज्वारीच्या कणगीमागे एक पिशवी पाहिली. तिच्यात रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, कितीतरी महिन्यांच्या आणि एकही न फोडलेल्या. गृहस्थ दर महिन्याला गोळ्या आणत होते, घरात सर्वांना दिसतील अशा आणत होते, आणि तिथे नेऊन टाकीत होते.

वाचा थोडी परत आल्यावर त्यांनी जे सांगितले ते असे. आरोग्य शिबिरात रक्तदाब निघाला. गोळी सुरू झाली. दोन-तीन महिन्यांत पत्नीजवळ जाण्यात अडचण येऊ लागली. केस कापायला बसले असताना कोणीतरी म्हणाले, बीपीच्या गोळीने माणूस थंड पडतो. त्याच रात्री त्यांनी गोळी बंद केली. आम्ही विचारले, "मग फरक पडला का, भाऊ?" ते म्हणाले, "पहिल्यांदा थोडा पडल्यागत वाटला. मग पुन्हा तेच."

आणि वहिनी? दीड वर्ष त्या मनात एकच हिशेब करीत होत्या, आपण आता यांना नको झालो, किंवा दुसरे कोणीतरी आहे. त्या सासूबाईंच्या खोलीत निजू लागल्या होत्या. दोघांनी एकमेकांना काही विचारले नाही. घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना होत होती, हेही येथे लिहिले पाहिजे.

या गोष्टीची मंडळीत चर्चा झाली तेव्हा दोन प्रकारची मते ऐकू आली. एक वडीलजन म्हणाले, औषध जाणूनबुजून टाळणे म्हणजे देवाने दिलेल्या जिवाची हेळसांड. दुसरे अधिक कठोर होते. "पन्नाशीला आलेल्या माणसाला हे हवंच कशाला? वासनेपायी जीव घालवत होता." दोन्ही मते ऐकून आम्ही गप्प बसलो, कारण चिंचेखालचा तो अर्धा शब्द आमच्या कानांत होता. पण तेव्हापासून हा प्रश्न आम्हांला सोडीत नाही, आणि म्हणून या पानांवर आज जरा अवघड विषय मांडीत आहोत. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी हा लेख मुलांना वाचून दाखवण्याचे कारण नाही. पण त्यांनी स्वतः वाचावा, कारण घरोघर जाणारे तेच असतात.

आधी देहाचे काय होते ते पाहू. शब्द एकदा स्पष्ट लिहावे लागतील. शिश्न ताठरते ते रक्तामुळे. इच्छा झाली म्हणजे मज्जातंतूंतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सूक्ष्म प्रमाणात सुटतो, त्यामुळे तिथल्या धमन्या सैल होतात, स्पंजासारख्या भागात रक्त भरते आणि काही काळ तिथेच अडून राहते. या सगळ्या यंत्रणेत रक्तवाहिनी निरोगी पाहिजे. आणि रक्तदाब हा नेमका रक्तवाहिन्यांचा रोग. वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाने ते अस्तर खराब होते, धमनी ताठ व अरुंद होते. हृदयाच्या धमन्यांची रुंदी सुमारे तीन-चार मिलिमीटर, तर या भागातल्या धमन्यांची एक-दोन मिलिमीटर. बारीक नळी आधी बुजते. म्हणून पुष्कळ डॉक्टर या अडचणीला हृदयविकाराची आगाऊ सूचना मानतात. त्यात मधुमेह असेल, तंबाखू असेल, दारू असेल, तर विचारूच नका. आमच्या बाजूला तंबाखू-चुना मळणारा हात सोबतीला लागतोच, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

म्हणजे दोष पुष्कळदा रोगाचा असतो आणि नाव गोळीचे होते. पण गोळी अगदी निर्दोष आहे असेही नाही, आणि तसे सांगणे खोटे होईल. लघवीवाटे मीठ-पाणी काढणाऱ्या थायझाइड जातीच्या गोळ्या, तशीच क्लोरथॅलिडोन, आणि हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या जुन्या गोळ्या यांच्यावर हा आरोप फार वर्षांपासून आहे. त्याउलट अम्लोडिपिन, एनालाप्रिल यांचा या बाबतीत फारसा त्रास दिसत नाही. लोसार्टन, टेल्मिसार्टन या घराण्याच्या गोळ्यांनी तर काहींना सुधारणाही झाल्याचे आढळले आहे. हे सर्व डॉक्टरांना माहीत असते. रोग्याला माहीत नसते.

अमेरिकेत सौम्य रक्तदाब असलेल्या ९०२ स्त्री-पुरुषांवर चार वर्षे एक मोठी चाचणी चालली होती. निरनिराळ्या गटांना निरनिराळी औषधे दिली, एका गटाला नुसती औषधासारखी दिसणारी निर्जीव गोळी दिली, आणि सर्वांनाच खाण्यापिण्याचे व व्यायामाचे पथ्य सांगितले. या विषयावरचे तिचे आकडे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतली पहिली गोष्ट ही की चाचणी सुरू होण्यापूर्वीच, एकही गोळी पोटात जाण्याआधी, शंभरातल्या सुमारे बारा पुरुषांना ही अडचण होती. दुसरी गोष्ट. दोन वर्षांनी पाहिले तर क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांत १७.१ टक्के पुरुषांना त्रास झाला होता, निर्जीव गोळी घेणाऱ्यांत ८.१ टक्के. फरक दुपटीहून अधिक, तेव्हा रोगी जे म्हणतो ते उगीच नव्हे. परंतु चार वर्षांनी तेच आकडे १८.३ आणि १६.७ झाले. औषध न घेणारे मागाहून तिथेच येऊन पोचले! त्या आकड्यांत आम्हांला कणगीमागची ती पिशवी दिसते.

या औषधांच्या इतिहासात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे, हे थोडे विषयांतर होईल पण सांगतो. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा पद्धतशीर उपयोग करून १९४९ मध्ये इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात निबंध लिहिला, आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याआधीची स्थिती काय होती? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाजवळही त्याचा रक्तदाब उतरवणारे धड औषध नव्हते. तेव्हा ही मुळी म्हणजे मोठे दान होते. पण त्या दानाची किंमतही होती. रेसरपिनने नाक चोंदे, काहींचे मन उदास होई आणि पुरुषाची इच्छा मंदावे. पुढे औषधे सुधारली, आणि प्रोप्रॅनोलॉल शोधणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले. परंतु कुठलेही औषध अजून पूर्णपणे फुकट मिळत नाही. देह काहीतरी मोजतो.

आता नीतीचा प्रश्न. किंबहुना तीन प्रश्न आहेत, पण ते एकमेकांत इतके गुंतले आहेत की वेगळे काढता येत नाहीत.

ज्यांनी "पन्नाशीला हे हवंच कशाला" म्हटले त्यांच्यापासून सुरुवात करू. हे बोलणे धार्मिक वाटते, पण आम्हांला ते शास्त्राला धरून वाटत नाही. लग्नाच्या विधीत आपण वधूवरांकडून जे वचन घेतो त्यात वयाची मर्यादा घातलेली नाही. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने नवरा-बायकोच्या देहसंबंधाला देणे म्हटले आहे, म्हणजे एकाने दुसऱ्याला द्यावयाची गोष्ट. वासना म्हणून तुच्छ लेखून तो पुढे गेला नाही. आणि शास्त्र तर आपल्याइतके लाजाळू मुळीच नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा पहिलाच अध्याय काढून पाहा. दावीद म्हातारा झाला आहे, पांघरुणांनी त्याला ऊब येत नाही, म्हणून सुंदर तरुणी अबीशग हिला आणतात, आणि राजाचा तिच्याशी संबंध आला नाही असे लेखक सरळ नोंदवतो. ज्याने गल्याथाला मारले त्याचा देह असा थकला, हे लिहायला त्या लेखकाला लाज वाटली नाही. अब्राहामाच्या निर्जीववत झालेल्या देहाविषयी पौलही रोमकरांस लिहितो. रविवारच्या शाळेत आपण हे अध्याय वगळतो, ते मुलांच्या वयामुळे ठीकच आहे. पण पुढे मोठ्यांच्या वर्गातही ते वगळलेलेच राहतात, आणि मग मंडळीतल्या माणसाला वाटते की असे फक्त आपल्यालाच झाले आहे.

आमच्या त्या भावाला वासनेसाठी जीव धोक्यात घालणारा म्हणणे अन्यायाचे आहे. तो नवरेपण राखू पाहत होता. पत्नी दुरावेल याचे त्याला भय होते. गावात, शेतात, मुलांच्या शिक्षणात माणसाच्या हातून पुष्कळ काही निसटत असते. घराच्या एका कोपऱ्यात आपण अजून पुरते आहोत असे वाटणे ही लहान गोष्ट नाही. आम्हीही चाळिशी ओलांडली आहे, दोन वर्षांपासून रोज सकाळी एक गोळी घेतो, आणि हे अनुभवाच्या थोडे जवळून लिहितो आहोत.

तरीही त्याची चूक होती, आणि आमच्या मते ती गोळी सोडण्याच्या आधी घडली. पौल त्याच अध्यायात म्हणतो की नवऱ्याच्या शरीरावर त्याच्या एकट्याचा अधिकार नाही, पत्नीचाही आहे. आणि पत्नीच्या शरीरावर तसाच नवऱ्याचा. पत्नीच्या शरीराविषयीचा भाग पुरुषांना फार पाठ असतो. नवऱ्याच्या शरीराविषयीच्या भागावर आम्ही तरी कधी प्रवचन ऐकले नाही. तो भाग खरा धरला तर मला रक्तदाब आहे की नाही, मी गोळी घेतो की नाही, मला काय त्रास होतो, हा माझा एकट्याचा खाजगी मामला राहत नाही. दूर राहायचे तेही दोघांच्या संमतीने, असे पौलाने बजावले आहे. आमच्या भावाने संमती घेतली नाही, दोन्ही वेळा नाही. जवळ जाणे थांबले तेव्हा कारण सांगितले नाही, आणि जीव पणाला लावला तेव्हाही विचारले नाही. तो जीव वहिनींचाही होता. त्यांना विचारले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या? आम्ही ते त्यांना प्रत्यक्ष विचारले. त्या पदर सारखा करून म्हणाल्या, "मास्तर, मला हे पायजे होते, ते नको होते. पण त्याच्याहून पयले, मला सांगायचं तरी."

या उत्तरात "हे पायजे होते" हेही आहे, ते वाचकांनी सोडू नये. बायकांना काही नको असते असे धरून चालणारे पुरुष आणि पाळक दोन्ही चुकतात. स्त्रियांनाही रक्तदाब होतो, त्याही गोळ्या घेतात, आणि त्यांना तर याविषयी कोणी विचारीतही नाही. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तो एखाद्या भगिनीने लिहावा.

आता सर्वांत अवघड भाग. सांगावे की न सांगावे? गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टराने हा परिणाम होऊ शकतो असे आधीच सांगणे हे कर्तव्य आहे का? आम्ही सहज "होय" म्हणालो असतो. पण इटलीत एक प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो वाचल्यापासून आमचे "होय" इतके सहज राहिले नाही. नुकताच हृदयाचा व रक्तवाहिन्यांचा विकार निघालेले, पण ही अडचण नसलेले ९६ पुरुष घेतले आणि त्यांचे बत्तीस-बत्तीसचे तीन गट केले. सर्वांना तीच अटेनोलॉल गोळी, तितकीच मात्रा. पहिल्या गटाला कोणते औषध आहे ते सांगितलेच नाही. दुसऱ्या गटाला नाव सांगितले, पण हा परिणाम सांगितला नाही. तिसऱ्या गटाला नावही सांगितले आणि परिणामही. तीन महिन्यांनी पाहतात तो पहिल्या गटात एका पुरुषाला अडचण आली होती, दुसऱ्यात पाच जणांना, तिसऱ्यात दहा जणांना. गोळी एकच. फरक कानांवर पडलेल्या शब्दांचा. पुढच्या टप्प्यात त्या अडचण आलेल्यांना औषध आणि निर्जीव गोळी दोन्ही देऊन पाहिल्या, तर एकाचा अपवाद सोडता दोहोंचा गुण सारखाच आला.

याचा अर्थ काय घ्यावा? खरे बोलल्याने नऊ अधिक माणसे आजारी पडली असे कोणी म्हणेल, आणि आकडे त्याच्या बाजूने आहेत. मग डॉक्टराने गप्प बसावे हे प्रेमाचे लक्षण नव्हे काय? आणि आम्ही हा लेख लिहितो आहोत त्याचे काय? हे मासिक ज्या घरांत जाते तिथे अटेनोलॉल घेणारा, आजवर बरा असलेला एखादा वाचक असेल. आज रात्री त्याच्या मनात शंका येईल. तो दोष आमच्याकडे येतो हे आम्ही कबूल करतो, आणि तरीही लिहितो. का लिहितो ते सांगणे भाग आहे.

त्या प्रयोगातला दुसरा गट पाहा. त्यांना डॉक्टरांनी परिणाम सांगितला नव्हता, केवळ नाव सांगितले होते. तरी पाच जणांना त्रास झाला. त्यांनी बाहेरून काही ऐकले असावे, असा आमचा तर्क आहे. म्हणजे डॉक्टर गप्प बसला म्हणून जग गप्प बसत नाही. पहिल्या गटासारखी माणसे प्रयोगशाळेत बनवता येतात, कमलनगरात बनवता येत नाहीत. येथे न्हाव्याचे दुकान आहे, स्टेशन आहे, चहाचे हॉटेल आहे, आणि आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. जाणत्याने न बोललेले अजाणता बोलतो, एवढाच फरक. आमच्या भावाने जे ऐकले ते खोटे नव्हते, अर्धे होते. गोळीने माणूस थंड पडतो, एवढेच त्याला समजले. पुष्कळांना काहीच होत नाही, भीतीनेच पुष्कळदा होते, गोळी बदलून मिळते, आणि गोळी सोडली तर रोग स्वतःच तेच काम अधिक वाईट रीतीने करतो, हे उरलेले अर्धे त्याला कोणी सांगितले नाही. ज्याला सांगायचे होते तो आपल्या कामात होता, आणि ज्याला ऐकायचे होते तो उदगीरची गाडी पकडत होता.

शिवाय गप्प बसून बरे ठेवणे हे लहान मुलासाठी कदाचित चालेल. अठ्ठेचाळीस वर्षांचा मनुष्य, जो घर चालवतो, मतदान करतो, मंडळीचा जमाखर्च पाहतो, त्याच्या देहाची गोष्ट त्याच्यापासून लपवून ठेवण्याचा अधिकार आम्हांला कोणाचाच वाटत नाही. सत्य बोलणे म्हणजे परिणामांची यादी तोंडावर फेकून हात झटकणे नव्हे, हेही तितकेच खरे. तिसऱ्या गटाला कोणत्या शब्दांत सांगितले असेल, कोणत्या सुरात, सांगणारा त्यांच्यासमोर बसला होता की उभा होता, हे आकड्यांत येत नाही. आमची समजूत अशी की विचारणे हे सांगण्याच्या आधी यावे. गोळी सुरू करण्यापूर्वीच डॉक्टराने एकदा विचारावे, "घरात सगळं ठीक आहे ना? बायकोजवळ जाण्यात काही अडचण?" शंभरांत बारा जणांना ती आधीच असते, तेव्हा तिथेच कळेल, आणि उगीच गोळीच्या माथी दोष जाणार नाही. ज्याला एकदा विचारले गेले आहे तो पुढे त्रास झाला तर सांगायला येतो. ज्याला कधीच विचारले नाही तो कणगी शोधतो.

डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. एकेका सकाळी दीडशे माणसे बाहेर उभी असताना, खोलीत नर्सबाई आणि तीन नातेवाईक असताना, हा प्रश्न कोण कसा विचारणार? त्यात आमच्या सरहद्दीवर भाषेचीही गोष्ट आहे. डॉक्टर कन्नड बोलतात, रोगी मराठी, आणि मध्ये दक्खिनी उर्दूवर भागते. पोटदुखी तिन्ही भाषांत सांगता येते. ही गोष्ट आपल्या आईच्या भाषेतही सांगता येत नाही. मराठीत यासाठी एक शिवीगाळीची भाषा आहे आणि एक पुस्तकी संस्कृत भाषा. नवऱ्याने बायकोशी किंवा रोग्याने वैद्याशी बोलावी अशी मधली भाषा आपण घडवलीच नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून तो प्रयत्न केला. त्यांची पुष्कळ मते, विशेषतः देवधर्माविषयीची, आम्हांला मान्य नाहीत. पण त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले आणि त्यांपैकी एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ही मधली जागा रिकामी राहिली की ती भरायला दुसरेच लोक येतात. बिदरच्या वाटेवर, उदगीरच्या वाटेवर भिंतींवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती सर्वांनी पाहिल्या आहेत. रस्त्याकडेच्या तंबूतले जडीबुटीवालेही पाहिले आहेत. त्यांच्या चूर्णांत कधी कधी सिल्डेनाफिल हे इंग्रजी औषधच चोरून मिसळलेले असते, असे तपासण्यांत अनेकदा उघड झाले आहे. हे औषध स्वतः वाईट नाही. रक्तदाब ताब्यात असलेल्या अनेकांना डॉक्टर ते विचारपूर्वक देतातही. परंतु ज्याला छातीत कळ येते म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवावी लागते, त्याने ते घेतले तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. चूर्णाच्या पुडीवर हे लिहिलेले नसते. लाजेखातर डॉक्टराला टाळून तंबूत गेलेला मनुष्य काय गिळतो आहे हे त्यालाही ठाऊक नसते.

तसेच गोळी एकदम बंद करणे. क्लोनिडिन, प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या अचानक सोडल्या तर दाब किंवा हृदयाचे ठोके उसळून वर येतात, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवाव्या लागतात. उपास-प्रार्थनेच्या आठवड्यात "आता विश्वासावर सोडले" म्हणून गोळ्या टाकणाऱ्या दोघांना आम्ही ओळखतो. पौलाबरोबर प्रवास करणारा लूक वैद्य होता, आणि पौलाने तीमथ्याला त्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. विश्वास आणि औषध यांचे भांडण त्या दोघांना माहीत नव्हते.

आमच्या भावाविषयी विचारणाऱ्यांसाठी लिहितो. आता ते काठी घेऊन चालतात. उजवा हात अजून पुरता उठत नाही. गोळी बदलून दिली आहे, ती वहिनी सकाळी भाकरीबरोबर हातावर ठेवतात. बाकीच्या गोष्टीचे काय झाले ते आम्ही विचारले नाही. ते त्यांनी एकमेकांना विचारायचे आहे, आणि वहिनी सासूबाईंच्या खोलीतून परतल्या आहेत एवढे आम्हांला माहीत आहे.

आपल्या मंडळीत वर्षातून एकदा रक्तदाब तपासणीचे शिबिर होते. गेल्या वेळी आम्ही पाळकसाहेबांना विनंती करून तपासणीच्या टेबलाजवळ पडदा लावून घेतला, आणि नातेवाइकांना बाहेर बसवले. ज्यांना दवाखान्यात जावयाचे आहे पण बोलताना जीभ वळत नाही, त्यांच्यासाठी एक साधी युक्ती सांगतो, आम्ही स्वतः तीच केली. घरून निघतानाच पत्नीला दाखवून एका चिठ्ठीवर लिहून घ्यावे: "गोळी अमुक महिन्यापासून घेतो. तेव्हापासून ताठरता येत नाही. गोळी बंद केलेली नाही. दुसरी देता येईल का?" आणि बीपीचे कार्ड देताना ती चिठ्ठी त्याच्या आत घालून डॉक्टरांच्या हातात द्यावी.